तो आत आला

८ ऑगस्ट

प्रिय मामा,

सोबत एक पुस्तक पाठवतेय. मुखपृष्ठ बघून दचकू नकोस. त्यावर एक मुलगी कपडे वाळत घालतेय, मागे एक मुलगा शिडीवर उभा आहे आणि दोघंही विनाकारण हसतायत. आतही तसंच आहे. छोट्या गावात लाँड्री चालवणारी मुलगी, गावाच्या पाण्याच्या टाकीला रंग द्यायला आलेला मुलगा, आणि दिसेल त्याला चावणारं एक बदक. दोघांचं जमणार हे पहिल्या पानावरच कळतं. म्हणूनच तर घेतलं. मला सध्या असंच काहीतरी हवंय, ज्यात कोणी मरत नाही.

पण चाळीसेक पानांवर मी अडकले. डॉक्टर म्हणाले होते ते व्हायला लागलंय. कडेचं सगळं गेलं, मधलं तेवढं राहिलंय, नळीला डोळा लावून बघावं तसं. एक ओळ संपली की पुढची सापडेपर्यंत मुलगा काय म्हणाला ते विसरायला होतं. फोनला वाचायला लावलं, तर त्यातली बाई ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ आणि ‘बॅटरी कमी आहे’ एकाच सुरात सांगते.

तर मामा, तू वाच. फोनवर रेकॉर्ड कर आणि छोट्या कार्डावर घालून पाकिटातून पाठव. तुझ्या दुकानासमोरचा मोबाइलवाला करून देईल. आई गेल्यावर तू शिलाई मशीन चालवता चालवता मला गोष्टी सांगायचास. मला झोप त्या आवाजानेच लागायची.

पत्रं मात्र मी हातानेच लिहिणार, अक्षराची सवय मोडू नये म्हणून. तूही जाड पेनाने मोठं मोठं लिही.

रुग्णालयाच्या चौकशीच्या टेबलावर अजून निभावतेय. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या नर्सबाईला आणि तुला-मामीला सोडून कोणाला माहीत नाही. लिफ्टवाल्यालाही नाही. सांगेन.

तुझी भिंगरी

२० ऑगस्ट

चिरंजीव भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. टपालवाल्याने दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर दिलं आणि पाकीट एका कोपऱ्याने फाटलेलं होतं, त्यामुळे शिडीवरचा तो मुलगा सगळ्यांना दिसला. शाळेचे मुख्याध्यापक पँटचं माप द्यायला आले होते. ते म्हणाले, “काय शिंपीदादा, या वयात?” मी म्हटलं, भाचीचं आहे. तर ते “हो, हो” असं म्हणाले की न म्हणते तर बरं झालं असतं.

तरी वाचायला घेतलंय. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मागच्या खोलीत कापडाच्या तागांमध्ये बसतो. तिथे आवाज घुमत नाही. सकाळची प्रार्थना सोडून मी मोठ्याने कधी काही वाचलेलं नाही, तेव्हा सूर चुकला तर सांभाळून घे. मामी दाराआड उभी राहून ऐकते आणि मी वळून बघितलं की काहीतरी झाडायला लागते. बदक चावलं तिथे ती मोठ्याने हसली, तेही रेकॉर्ड झालंय.

मला वाटलं होतं, अशा पुस्तकात काय असणार. पण खरं सांगतो, काल कोटाच्या बाह्या जोडताना मी त्या टाकीचाच विचार करत होतो. तो मुलगा निळा रंग देतो आणि ही खालून ओरडते, “आभाळात आभाळ कशाला लावतोस?” मला आवडलं ते.

तुझ्या डोळ्यांसाठी रोज देवाजवळ मागतो. लिफ्टवाल्याला सांगायची घाई करू नकोस. योग्य वेळ आपोआप येते.

तुझा मामा

५ सप्टेंबर

प्रिय मामा,

अहाहा! नर्सबाई आणि मी कार्ड लावून एका उशीवर दोन डोकी ठेवून ऐकतो. ती म्हणते, तुझे मामा त्या मुलाचं बोलणं असं वाचतात की देव प्रसन्न होऊन वर देतोय. “तुझे... केस... ओले... आहेत.” मामा, तो नुसता चेष्टा करतोय रे! जरा भराभर वाच.

ती लाँड्रीवाली माझ्यासारखीच आहे की नाही? मनातलं सोडून सगळं बोलते. वसंतात लाँड्री विकून दुसऱ्या गावी नोकरीला जायचं तिने नक्की केलंय आणि सगळ्या गावाला ते माहीत आहे, फक्त टाकीवर चढलेल्या त्या शहाण्याला नाही. मजा आहे. रोज सांगायला जाते आणि रोज बदक मध्ये येतं.

माझा लिफ्टवाला शहाणाही उंचावरच काम करतो. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, तेव्हा वरून डोकावून म्हणाला होता, “घाबरू नका, मीच बसवलीय.” मी म्हटलं, “म्हणूनच घाबरलेय.” तिथून सुरू झालं. परवा आम्ही नदीकाठी चालत होतो. माझ्या उजव्या हाताला सायकल आली ती मला दिसलीच नाही. त्याने ओढून घेतलं आणि म्हणाला, “लक्ष कुठे असतं तुझं?” मी म्हटलं, “तुझ्यात.” किती खूश झाला, मामा. मी मात्र घरी येऊन बराच वेळ बसून राहिले.

एक विचारू? सहाव्या भागात दोघं कपड्यांच्या ढिगाआड उभे असतात, तू खोकलास आणि एकदम दुसरा दिवस उजाडला. काही गाळत तर नाहीस ना?

भिंगरी

१४ सप्टेंबर

चिरंजीव भिंगरीस आशीर्वाद.

छे, गाळतोय कशाला. पुस्तक आहे तसंच वाचतोय. तागांची धूळ घशात जाते, म्हणून खोकला.

सोबतच्या कार्डावर सातवा ते दहावा भाग आहे. जरा भराभर वाचलंय. मामी म्हणते, आता तो मुलगा देवासारखा वाटत नाही, बसच्या वाहकासारखा वाटतो.

सायकलीचं वाचून जीव घाबरला. रस्त्याने एकटी जात जाऊ नकोस. इकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीनवरून उठायला होत नाही. पण तुझी दुपार मी मोडत नाही. तागांमध्ये बसलो की तू लहानपणी बसायचीस तशी समोर बसली आहेस असं वाटतं, आणि मग वाचायला बरं वाटतं.

तुझा मामा

२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

दहावा भाग ऐकला. तो शेवट.

तो संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. हातांना निळा रंग लागलेला. म्हणतो, “काहीतरी लपवतेस माझ्यापासून.” ती त्याच्याकडे बघत राहते आणि मग तू वाचलंस: ‘तिने दार लावून घेतलं.’ बस. पुढे एकदम सकाळ, ती इस्त्री करतेय आणि गाणं गुणगुणतेय.

इतकी हसरी गोष्ट आणि मध्येच हे. नर्सबाई म्हणाली, किती कठोर मुलगी. मला नाही वाटली. समजावणं नाही, रडणं नाही, त्याच्याकडून कीव करून घेणं नाही. दार लावलं, आणि सकाळी गुणगुणायला मोकळी. मी तेवढंच पुन्हा लावून ऐकलं.

पुढचं लवकर पाठव.

भिंगरी

१९ ऑक्टोबर

चिरंजीव भिंगरीस आशीर्वाद.

पुस्तक संपलं. उरलेलं सगळं या कार्डावर आहे. शेवट काय होतो ते लिहीत नाही, पण मामीने पदराला डोळे पुसले आणि वर म्हणाली की कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता.

खरं तर मलाही चुकल्यासारखं झालं. आता दुपारी मागच्या खोलीत जातो, तागांवर हात फिरवतो आणि परत येतो. दुसरं एखादं असलं तर पाठव.

टेबलावरचं काम जमतंय ना? या वेळी तू लिफ्टवाल्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

तुझा मामा

११ डिसेंबर

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. टेबलावरचं काम गेलं. म्हणजे मीच सोडलं. एका आजोबांना त्यांचा नंबर सांगताना तिसऱ्यांदा चुकले आणि मागून कोणीतरी म्हणालं, “आंधळी आहे का ही?” तो रागाने बोलला होता, त्याला काय माहीत. पुढच्या महिन्यापासून काठीने चालायला आणि बोटांनी वाचायला शिकवतात तिथे जाणार आहे. नर्सबाईनेच नाव घातलं.

पुस्तकाचा शेवट फार गोड आहे. टाकीवरचा मुलगा दुसऱ्या गावचं काम संपवून बॅग घेऊन परत येतो. तिने न बोलावता. फक्त तुझ्या त्या लेखिकेला विसरायची सवय दिसते. तो येऊन म्हणतो, “वसंत आला. चल, तू म्हणाली होतीस ना, जायचंय.” कधी म्हणाली होती? तिने तर त्याला काही सांगितलंच नव्हतं! नर्सबाई म्हणते, अशा पुस्तकांत एवढं बघायचं नसतं.

लिफ्टवाला हल्ली येत नाही.

भिंगरी

२० डिसेंबर

चिरंजीव भिंगरीस आशीर्वाद.

काम सुटल्याचं वाचलं. इकडे ये. घर तुझंच आहे. शिकायचं ते शिकून ये, पण ये.

लेखिकेचं म्हणशील तर नर्सबाईंचं बरोबर आहे. अशा पुस्तकांत असं होतं.

पण लिफ्टवाला का येत नाही? भांडण झालं का? मला नीट लिही. मी काही बोलणार नाही.

तुझा मामा

६ जानेवारी

प्रिय मामा,

भांडण नाही झालं. भांडायला दोघं लागतात.

ऑक्टोबर संपत आला होता तेव्हाची गोष्ट. तो वसतिगृहाच्या दारात आला. आठवडाभर मी फोन उचलला नव्हता. म्हणाला, “काय झालंय तुला? सांग तरी.” मी त्याच्याकडे बघत होते. नळीतून त्याचं नाक आणि एक डोळा दिसत होता, तेवढ्यातही काळजी दिसत होती. सांगायला तोंड उघडलं आणि मनात आलं, आता हा म्हणेल, काही हरकत नाही, मी आहे. आणि मग आयुष्यभर माझा हात धरून जिने उतरेल आणि एक दिवस थकेल. मला ती लाँड्रीवाली आठवली. मी दार लावून घेतलं.

हसू नकोस, मामा. मला वाटलं होतं तो परत येईल. पुस्तकातला आला तसा. मी डिसेंबरभर जिन्यावरची पावलं ऐकत बसले होते. बाकीचं कमी झालं तसं ऐकू फार येतं. तो दोनदा आला होता असं वसतिगृहाच्या बाई म्हणतात, पण खालच्या खालीच वॉचमनने परत पाठवलं, कारण मीच तसं सांगून ठेवलं होतं. त्यानंतर नाही आला.

सकाळी गुणगुणायला मात्र जमलं नाही. ते पुस्तकातच जमत असेल.

भिंगरी

१२ जानेवारी

भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि दुकान बंद केलं. गिऱ्हाईक दारात होतं, त्याला उद्या या म्हटलं. सरळच लिहितो.

मी गाळलं होतं. सहाव्या भागातही आणि दहाव्यातही. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. मामाने भाचीला ते कसं वाचून दाखवायचं? माझी जीभ वळेना. कापडाला डाग असला की तेवढा तुकडा काढून दोन्हीकडचं जोडतो आणि जोड इस्त्रीने दाबून टाकतो, तसं केलं. जोड दिसला नाही याचं मला तेव्हा बरंही वाटलं होतं.

दहाव्या भागात काय आहे ते पुस्तक समोर ठेवून लिहितो. मुलगा दारात उभा आहे. तो म्हणतो, “काहीतरी लपवतेस माझ्यापासून.” ती त्याच्याकडे बघत राहते. पुढचं वाक्य आहे: ‘तो आत आला.’ आणि त्याच्यापुढे: ‘तिने दार लावून घेतलं.’

तो आत आला, मुली. दार त्याच्या तोंडावर लावलेलं नाही. तो आत आल्यावर लावलं.

त्यापुढे दोन पानं आहेत. ती दोघं एकमेकांच्या जवळ येतात, आणि त्यातच, मधल्या मध्ये, ती त्याला सगळं सांगते. लाँड्री विकणार आहे, जाणार आहे, घाबरलेली आहे, सगळं. तो आधी तिचे डोळे पुसतो. मग म्हणतो, “मग टाकीच्या रंगाचा दुसरा हात लवकर आटपायला हवा.” आणि ती रडता रडता हसते. म्हणून ती सकाळी गुणगुणते. लेखिका काही विसरली नव्हती. मी ओठ टाळायला गेलो आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं.

मामीला दाखवलं. तिने वाचलं आणि एवढंच म्हणाली, “तीन शब्द होते. त्यात लाजण्यासारखं काय होतं?” खरंच काही नव्हतं. ते तीन शब्द वाचले असते तर पुढचं वाचावं लागेल या भीतीने मी तेही सोडले.

घाई करू नकोस असंही मीच लिहिलं होतं. देवाजवळ रोज तुझे डोळे मागत होतो. तुला हिंमत मिळू दे, हे मागायचं मला सुचलं नाही.

कार्ड पाठवतोय. दहावा भाग पुन्हा वाचलाय, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. आवाज थरथरलाय दोन-तीन ठिकाणी. तू त्याला भेट. उशीर झाला असला तरी भेट. मी येऊ का? तू म्हणशील त्या गाडीने निघतो.

मामा

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू येऊ नकोस म्हणून कळवलं होतं ते रागाने नाही. मला एकटीने जायचं होतं.

आधी तुझ्या अंगावरचं ओझं उतरवते. दहावा भाग मी पुन्हा लावून ऐकला होता हे लिहिलं होतं, पण एक लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना मला शंका आली होती. ‘दार’ म्हणायच्या आधी तू श्वास घेतोस, मामा. मोठा, पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा. तिथे काहीतरी आहे हे मला कळलं होतं. तुला विचारता आलं असतं. दुसरी प्रत आणून फोनला ते पान वाचायला लावता आलं असतं, पण पुस्तक तुझ्याकडे आहे असं स्वतःला सांगितलं. मला दार लावायचंच होतं. तुझ्या वाक्याची मला सोय झाली, एवढंच. तेव्हा दुकान बंद करून बसू नकोस. मुख्याध्यापकांची पँट शिवून दे.

आता त्याचं. मी नर्सबाईला बरोबर घेऊन त्याच्या वर्कशॉपवर गेले. ती बाहेर थांबली. आत तेलाचा वास होता आणि कोणीतरी साखळी ओढत होतं. त्याने मला बघितलं आणि साखळी थांबली. बाकावर बसलो. मी सगळं सांगितलं. सायकल का दिसली नव्हती, फोन का उचलला नाही, पुढे काय होणार आहे. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं.

त्याने हातातलं फडकं बाकावर ठेवलं. मग म्हणाला, “मला वाटलं, तुला माझी लाज वाटते. रुग्णालयातल्या कोणाशीतरी जमलं असेल.” मी म्हटलं, “मला तिथे अर्धे लोक दिसतही नव्हते.” तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला.

मामा, त्याचं ठरलंय. गेल्या महिन्यात. त्याच्या आईने बघितलेली मुलगी आहे, शाळेत शिकवते. तो म्हणाला, “मी शब्द दिलाय. ती चांगली आहे. तिने काय केलंय?” मी म्हटलं, काहीच नाही. आणि खरंच काही नाही. त्याने शब्द मोडला असता तर तो मला आवडला तो माणूस राहिला नसता. हे मी तिथेच म्हटलं असं समजू नकोस, घरी आल्यावर सुचलं. तिथे मी नुसती मान हलवत होते.

मग त्याने विचारलं, “आत्ता दिसतोय का मी?” मी म्हटलं, “मधला मधला.” तो म्हणाला, “म्हणजे कसा?” मी म्हटलं, “कपाळ बघितलं तर हनुवटी जाते.”

उठायची वेळ झाली होती. वर्कशॉपमध्ये कोणीतरी त्याला दोनदा हाक मारली. मी म्हटलं, “अजून थोडा वेळ बस. हलू नकोस. मला एकेक करून बघावं लागेल.”

कपाळ बघितलं. भुवया बघितल्या. एका कानाशी तेलाचा डाग होता, तो बघितला. डोळे बघायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते भरून येत होते आणि माझेही. तिसऱ्यांदा हाक आली.

तो हलला नाही.

तुझी भिंगरी